पिकू बोलत का नाही? एका कॉकटीलचं प्रकरण

नाशिकमधल्या एका कुटुंबानं पावसाळ्याच्या तोंडाशी मला विचारलेला प्रश्न साधा होता. कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) आणून सहा-सात महिने झाले, रोज शिकवतो, तरी तो बोलत का नाही? उलट दिवसभर किंचाळतो. शेजारी तक्रार करू लागले आहेत. दुकानदारानं तर घेताना सांगितलं होतं, ‘नर आहे, महिनाभरात मिठू मिठू करायला लागेल.’

मी पाळीव पक्ष्यांच्या वागणुकीबद्दल सल्ला देते. औषधोपचार हे पशुवैद्याचं काम, माझं नव्हे. ‘बोलत नाही’ ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते आणि बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या भेटीत तिचा निकाल लागतो. पिकूचं प्रकरण मात्र सविस्तर लिहावंसं वाटलं. कॉकटीलला बोलायला शिकवताना होणारे जवळजवळ सगळे गोंधळ या एका घरात होते, आणि उत्तरही त्याच घरात आधीपासून होतं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर आणि पक्षी

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आजी, मुलगा, सून आणि सहावीत शिकणारा नातू. मुलगा-सून नोकरीला, नातू शाळेत आणि मग क्लासला. म्हणजे दिवसाचा मोठा भाग घरात आजी आणि पिकू दोघंच. पक्षी आला नातवाच्या हट्टापायी, पण आजींना सोबत होईल हा विचारही त्यामागे होता. आजींची इच्छा एकच: त्यानं ‘रामकृष्णहरी’ म्हणावं. त्यांच्या माहेरी पूर्वी राघू होता, तो म्हणायचा.

पिकू ल्युटिनो रंगाचा. अंग पांढरं, त्यावर पिवळी झाक, डोळे लालसर, गालांवर नारिंगी ठिपके. तुऱ्याच्या मागे थोडी पिसं नसलेली जागा होती आणि त्याची सगळ्यांना काळजी वाटत होती. ल्युटिनो पक्ष्यांत ती आनुवंशिक असते, तिच्यावर उपाय करायचा नसतो. वय अंदाजे नऊ महिने. घरातल्या वजनकाट्यावर वजन भरलं ९६ ग्रॅम, म्हणजे ठीक. दुकानातच पंख कापलेले. पिंजरा गोल, उंच आणि अरुंद, आत एक आरसा आणि एक प्लास्टिकची घंटा. पिंजरा दिवसा बाल्कनीत आणि रात्री हॉलमध्ये टीव्हीशेजारी, म्हणजे घर झोपेपर्यंत पक्षीही जागा.

खाणं सगळं दाण्यांचं. बाजरी, राळा आणि भरपूर सूर्यफूल. सूर्यफूल तो आधी निवडून खायचा, बाकीचं सांडायचा. नुसत्या दाण्यांवर वाढणाऱ्या कॉकटीलला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि चरबी जास्त होते. अशा पक्ष्यांचं यकृत आणि श्वसनमार्ग दोन्ही नाजूक होतात. बोलणं शिकवण्याआधी मी हे बघते, कारण सुस्त, अर्धझोपेत असलेला पक्षी काहीच शिकत नाही.

राघूची अपेक्षा, कॉकटीलकडून

आपल्याकडे बोलणारा पक्षी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला राघू. तो जातिवंत नकलाकार. पण तो आपल्या देशातला रानपक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. म्हणून अलीकडे घराघरांत त्याची जागा कॉकटीलनं घेतली. हा परदेशी पक्षी, पिंजऱ्यातच पैदास झालेला. २०२२ मध्ये त्या कायद्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्या-पक्ष्यांची नोंदणी करावी लागते. कॉकटील त्या यादीत नाही. पोपटवर्गातल्या ज्या मोजक्या जाती यादीबाहेर आहेत त्यांत बजरीगारसोबत हाही येतो. त्यामुळे तो घेणं सोपं झालं. अपेक्षा मात्र राघूचीच राहिली.

कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. पाऊस जिथे पडेल, गवताचं बी जिथे पिकेल, तिकडे थव्यानं जायचं आणि जमिनीवर उतरून दाणे टिपायचे असं त्याचं जगणं. उघड्या माळावर थवा पांगतो तेव्हा एकमेकांचा पत्ता लागतो तो हाकेनं. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं लगेच ओ द्यायची. ओ आली नाही की हाक मोठी होते, मग आणखी मोठी. ही हाक-ओ कॉकटीलच्या रक्तात आहे. घरातल्या पक्ष्याच्या किंचाळण्याचं मूळ नव्वद टक्के इथेच असतं, असं मी ठामपणे म्हणेन. माणसं खोलीतून निघून जातात, पक्षी हाक मारतो, कोणी ओ देत नाही.

आवाजाच्या बाबतीतही राघूशी तुलना करून चालत नाही. पक्ष्यांचा आवाज गळ्याच्या वरच्या टोकाला नव्हे, तर श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथल्या सिरिंक्स नावाच्या अवयवात तयार होतो. पोपटवर्ग त्यावर जिभेनं संस्कार करतो. कॉकटीलच्या गळ्यातून निघणारा शब्द बारीक, उंच पट्टीतला आणि शिट्टीकडे झुकणारा असतो. स्वर बरे येतात, व्यंजनं विरघळतात. राघूची ‘विठ्ठल’ ऐकण्याची सवय असलेल्या कानाला कॉकटीलचा पहिला शब्द शब्दच वाटत नाही. पिकूच्या घरात नेमकं हेच घडलं होतं, पण ते कळायला थोडा वेळ गेला.

आधी: पिकू नर आहे का?

हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते, कारण कॉकटीलमध्ये गाणं आणि नक्कल हे जवळजवळ पूर्णपणे नराचं काम आहे. नर मादीला रिझवण्यासाठी शीळ घालतो, खांद्यापासून पंख किंचित उचलून धरतो, चोचीनं ठक-ठक ताल धरतो. मादी हाक मारते, फिस्कारते, पण सहसा गात नाही. एखादी मादी दोन-चार आवाज उचलते, नाही असं नाही. तरी तिच्याकडून शब्दांची आशा धरून बसणं तिच्यावर अन्याय आहे.

करड्या रंगाच्या कॉकटीलमध्ये हे ओळखता येतं. पिल्लं सगळी मादीसारखीच दिसतात. साधारण सहा महिन्यांनंतरच्या पहिल्या पिसगळतीत नराचा चेहरा लखलखीत पिवळा होतो, तर मादीच्या शेपटीखालचे आडवे पट्टे तसेच राहतात. ल्युटिनोत हा चेहऱ्याचा फरक दिसत नाही. शेपटीखालचे फिकट पिवळे पट्टे उजेडात धरून शोधावे लागतात आणि तरी चूक होते. दोन महिन्यांच्या ल्युटिनोकडे बघून ‘नर आहे’ असं कोणीही सांगू शकत नाही. दुकानदाराचं वाक्य केवळ विक्रीसाठी होतं.

खात्री करायची तर डीएनए चाचणी. छातीची ताजी उपटलेली दोन-चार पिसं प्रयोगशाळेत पाठवली की झालं. पक्ष्यांत नराकडे ‘झेड-झेड’ आणि मादीकडे ‘झेड-डब्ल्यू’ अशी गुणसूत्रांची जोडी असते, त्यावरून निकाल येतो. मी ताईंना (सूनबाईंना मी ताईच म्हणते) सांगितलं की मादी निघाली तर बोलण्याचा विषय बंद करायचा आणि तिच्या अंडी घालण्याची, कॅल्शियमची काळजी सुरू करायची. त्यांनी ते मनापासून मान्य केलं. निकाल नर असा आला. दुकानदाराचं बोलणं खरं ठरलं ते निव्वळ योगायोगानं.

सहा महिने काय चाललं होतं

नातवानं मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ‘पिकू, कसा आहेस? मी पिकू, गोड पिकू’ असं रेकॉर्ड केलं होतं. आजींच्या आवाजातलं ‘रामकृष्णहरी’ही होतं. दोन्ही जोडून जुना फोन पिंजऱ्याला टेकवून ठेवायचा आणि सकाळी सगळे बाहेर पडल्यापासून दुपारपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाजत राहायचं. इंटरनेटवर असा सल्ला सर्रास मिळतो आणि लोकांना तो पटतो, कारण त्यात स्वतःचा वेळ द्यावा लागत नाही.

या पद्धतीबद्दल माझं मत कडक आहे. ती नुसती निरुपयोगी नाही, ती पक्ष्याला त्रास देते. थव्यात जगणाऱ्या पक्ष्याला आवाज येतो, पण आवाज करणारा दिसत नाही. तो हाक मारतो आणि समोरून त्याच्या हाकेशी संबंध नसलेलं तेच वाक्य परत येतं. थोड्या दिवसांत तो आवाज त्याच्या लेखी रस्त्यावरच्या हॉर्नसारखा होतो. अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून घेतलेल्या अ‍ॅलेक्स या आफ्रिकन ग्रे पोपटावर तीस वर्षं काम केलं. २००७ मध्ये अ‍ॅलेक्स गेला तेव्हा त्याला शंभरेक शब्द येत होते, आणि वस्तूचं नाव, रंग, आकार विचारल्यावर तो समजून उत्तर देत असे. त्याच प्रयोगमालेत त्यांनी पोपटांना नुसत्या ध्वनिफिती आणि चित्रफिती लावूनही पाहिलं. त्यातून पोपट शब्द वापरायला शिकले नाहीत. शिकले ते समोर दोन माणसं बसून आपापसात बोलत, वस्तू देत-घेत असताना. आफ्रिकन ग्रे आणि कॉकटील यांच्या बुद्धीत अंतर आहे हे मला मान्य आहे. पण फितीनं जे त्या हुशार पक्ष्याला जमलं नाही, ते कॉकटीलला जमेल अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

दुसरी गोष्ट आरशाची. एकट्या नराला आरसा दिला की त्याला त्यात जोडीदार सापडतो. पिकू आरशासमोर तासन्‌तास शीळ घालायचा, चोच आपटायचा. ज्या गळ्यानं घरातल्या माणसांशी बोलायचं तो सगळा आरशासाठी खर्च होत होता.

तिसरी गोष्ट पिकूच्या किंचाळण्याला मिळणारा प्रतिसाद. तो किंचाळला की संध्याकाळी नातवाचे वडील ओरडायचे, ‘ए, गप!’ नातू धावत जाऊन पिंजऱ्यावर कापड टाकायचा. पक्ष्याच्या बाजूनं पाहिलं तर किंचाळल्यावर माणूस येतो, जोरात ओ देतो. किंचाळणं हे त्या घरातलं सगळ्यात यशस्वी वाक्य होतं.

दुपारची ध्वनिफीत

मी त्यांना एक उलटं काम सांगितलं. फोनवर वाजवणं बंद करा आणि तोच फोन रेकॉर्डिंगला लावा. दुपारी आजी जेवून आडव्या होतात त्या वेळी, पिंजऱ्यापासून थोडा लांब. नर कॉकटील शांत दुपारी, डोळे अर्धे मिटून, पिसं फुलवून, स्वतःशी पुटपुटतो. ही त्याची रियाजाची वेळ. दिवसभरात ऐकलेले तुकडे तो हळू आवाजात जोडतो, मोडतो. समोर कोणी आलं की थांबतो, त्यामुळे घरच्यांना याचा पत्ताच नसतो.

फिती ऐकायला मी आणि ताई एकत्र बसलो. बरंचसं किलबिलीसारखं अस्पष्ट. मध्येच कुकरची शिट्टी, हुबेहूब. दाराच्या बेलचा शेवटचा सूर. वडील शिकवत असलेली एक शीळ, अर्धवट. आणि या सगळ्यात पुन्हा पुन्हा येणारी दोन ठेक्यांची, वर चढत जाणारी एक लकेर: ‘आ-ए, आ-ए’. नातवाच्या वाक्याचा मागमूस नव्हता. ‘रामकृष्णहरी’ तर नाहीच.

ती लकेर तिसऱ्यांदा आली तेव्हा ताई म्हणाल्या, “हे तर आईंचं आहे. ‘आले, आले’.”

मग उलगडा झाला. दिवसा पिकू बाल्कनीतून हाक मारतो तेव्हा स्वयंपाकघरातून आजी ओ देतात, ‘आले, आले!’ आणि खरोखरच येतात. हातात कधी पोळीचा तुकडा, कधी नुसतंच बोट. त्यांनी हे शिकवायचं म्हणून कधीच केलं नव्हतं. त्या त्याच्याशी घरातल्या लेकरासारखं वागत होत्या, इतकंच. पण पक्ष्याच्या दृष्टीनं त्या घरात अर्थ असलेला एकच मानवी आवाज होता. माझी हाक, त्यावर ओ, आणि मग माणूस समोर. फोनमधलं वाक्य सहा महिने वाजून जे करू शकलं नाही ते या दोन अक्षरी ओनं केलं होतं. सगळे ‘गोड पिकू’ ऐकायला कान लावून बसले होते, म्हणून पक्षी जे बोलत होता ते कोणी ऐकलंच नाही.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मी तर त्याला काही शिकवलंच नाही.” मी म्हटलं, “आजी, म्हणूनच शिकला.”

काय बदललं

फोन बंद, आरसा बाहेर. गोल पिंजऱ्याच्या जागी रुंद, आडव्या सळयांचा चौकोनी पिंजरा आला, ज्यात त्याला चढता-उतरता येईल. पिंजऱ्याची जागा ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. बाल्कनीत कावळे-मांजरांची भीती असते, शिवाय नाशिकची थंडी पुढे येणारच होती. स्वयंपाकघरात ठेवायचा मोह होता, कारण आजी तिथेच असतात, पण तिथे मी ठाम नकार दिला. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. फोडणीचा धूरही वाईट. देवघराजवळ उदबत्ती आणि धूप. शेवटी हॉलमधली स्वयंपाकघराच्या दाराकडची भिंत ठरली, जिथून आजी दिसतात पण धूर पोहोचत नाही. एक बाजू भिंतीला, म्हणजे पक्ष्याला पाठीमागून भीती नाही. पिंजऱ्याबाहेर सोडताना पंखा बंद आणि खिडकीला जाळी, हा नियम नातवानं कागदावर लिहून बटणावर चिकटवला. आपल्या घरांत छताच्या पंख्यानं जितके कॉकटील मरतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशानं मरत असतील.

झोप रात्री दहा-बारा तास. संध्याकाळी साडेसातला पिंजरा आतल्या खोलीत, वर सुती कापड, एक मंद दिवा. ल्युटिनो पक्षी रात्री अचानक दचकून फडफडण्याबद्दल बदनाम आहेत, पूर्ण काळोख त्यांना सोसत नाही. खाण्यात सूर्यफूल मोजकं. हळूहळू पक्ष्यांसाठी मिळणारा तयार गोळ्यांचा आहार (पेलेट), मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कणीस. चोच घासायला समुद्रफेण. पशुवैद्याकडून एकदा तपासणी करून घेतली आणि पंख पुन्हा कापायचे नाहीत असं ठरलं.

शिकवणं म्हणाल तर त्यात ‘धडा’ फार थोडा होता. मुख्य सूत्र असं की शब्द नेहमी एखाद्या घटनेला बांधलेला हवा. पिकूनं मऊ आवाजात हाक मारली की घरात जो असेल त्यानं स्वतःचं ‘आलो’ न म्हणता लगेच आजींचंच ‘आले, आले’ म्हणायचं, त्याच चढत्या सुरात. वडिलांना ‘आले’ म्हणताना संकोच वाटायचा, पण त्यांनीही केलं. सगळ्या घराची ओ एकच असली पाहिजे, हे त्यांना पटलं. किंचाळला तर ओ नाही, नजर नाही, कापड नाही. दोन क्षण गप्प झाला, साधी टिवटिव केली, की ताबडतोब ओ. मी आधीच बजावलं होतं की पहिल्या आठवड्यात किंचाळणं वाढेल, कारण चालणारं वाक्य एकाएकी बंद पडल्यावर तो ते आणखी जोरात म्हणून पाहणार. तसंच झालं. शेजारच्या काकूंना आजी स्वतः जाऊन सांगून आल्या की थोडे दिवस सांभाळून घ्या.

सकाळी कापड काढल्यावर आणि संध्याकाळी झोपवण्याआधी पाच-दहा मिनिटांची एक बैठक. या दोन्ही वेळा थवे रानातही सर्वांत जास्त बोलतात. इथे पेपरबर्ग वापरत त्याच पद्धतीचा घरगुती अवतार वापरला. आजी आणि नातू समोरासमोर बसायचे, पिकू मध्ये स्टँडवर. नातवाच्या हातात राळ्याचं कणीस. आजी म्हणायच्या, ‘पिकू!’ नातू कणीस त्यांच्या हातात द्यायचा. मग नातू म्हणायचा, ‘पिकू!’ आजी परत द्यायच्या. पक्षी बघत राहतो की हा आवाज काढला की हवी ती वस्तू मिळते, आणि आपण या खेळाबाहेर आहोत. त्यानं कुठलाही आवाज काढला तरी त्याला एक दाणा, ‘पिकू’च्या जवळ जाणारा काढला तर अख्खं कणीस आणि कौतुक. कंटाळला, मान वळवली, की बैठक बंद.

‘पिकू’ हा शब्द सोयीचा होता. लहान, ‘प’ आणि ‘क’सारखे फुटणारे आवाज, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी आनंदानं येणारा. आनंदाचा भाग मी महत्त्वाचा मानते. पक्षी आवाजातला उत्साह आधी पकडतो, अक्षरं मागून येतात. आजींच्या ‘रामकृष्णहरी’बद्दल मी स्पष्ट सांगितलं की एवढा लांब, सपाट सुरात म्हटला जाणारा शब्द कॉकटीलला जड आहे. वडिलांना विनंती केली की पहिला शब्द पक्का होईपर्यंत शीळ घालू नका. शीळ कॉकटीलला सहज जमते आणि सोपं मिळालं की अवघडाकडे तो वळत नाही, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तो अटळ नियम मानू नये, पण थोडे महिने पाळायला काय हरकत?

काय झालं

किंचाळणं श्रावणात लक्षात येण्याइतकं कमी झालं. या यशाबद्दल घरच्यांना बोलण्यापेक्षाही जास्त समाधान वाटलं, आणि मला तेच योग्य वाटतं.

शब्द आला की नाही हे ठरवायला मी घरच्यांच्या कानावर अवलंबून राहत नाही. रोज ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येतं. म्हणून फीत एका अशा नातेवाइकाला ऐकवायची ज्याला काय शिकवलं ते माहीत नाही, आणि नुसतं विचारायचं, ‘हे काय आहे?’ गणपतीत आलेल्या आत्यांनी ऐकून सांगितलं, ‘शीळ घालतोय.’ दसऱ्याला दुसऱ्या एका पाहुण्यांना नवी फीत ऐकवली. ते म्हणाले, ‘कोणीतरी आले आले म्हणतंय, लहान मूल आहे का?’ त्या दिवशी आम्ही पहिला शब्द धरला. दिवाळीच्या आसपास ‘पिकू’ आलं, ‘पि’ लांबवलेलं आणि ‘क’ जवळजवळ गिळलेला.

तो ‘आले, आले’ कधी म्हणतो, हे मला शब्दापेक्षा मोलाचं वाटतं. आजी खोलीबाहेर गेल्या की म्हणतो. म्हणजे त्यानं ओ उचलून तिची हाक केली आहे. त्याला ‘येणं’ या क्रियेचा अर्थ कळतो असा दावा मी करणार नाही. पण हा आवाज कोणासाठी आणि कशासाठी वापरायचा हे त्याला नक्की कळतं, आणि थव्यातल्या पक्ष्याला एवढंच हवं असतं.

कुकरची शिट्टी मात्र दुपारच्या पुटपुटण्यातून बाहेर येऊन भर सकाळी वाजू लागली. आजी शिट्ट्या मोजून गॅस बंद करतात, त्यामुळे डाळ कच्ची राहू लागली. मी सांगितलं की तिकडे लक्ष देऊ नका, हसूही नका, हसणं हे मोठं बक्षीस आहे. कमी झाली, गेली नाही.

‘रामकृष्णहरी’ हा शब्द आलेला नाही आणि येईल असं मला वाटत नाही. पण आजी संध्याकाळी दिवा लावताना ‘जय जय रामकृष्णहरी’ची धून गुणगुणतात. मार्गशीर्षात पिकूनं तिचा पहिला तुकडा शिळेत उचलला, चढ-उतारासकट. पुढे आजी गुणगुणू लागल्या की तो त्यांच्याबरोबर सुरू करू लागला. यात मला नवल वाटलं नाही. जपानमधल्या आइची विद्यापीठातल्या योशिमासा सेकी यांनी २०२१ मध्ये दाखवलं आहे की हातावर वाढवलेले कॉकटील माणसांची धून वाजत असताना तिच्याबरोबर, वेळ साधून शीळ घालू शकतात. ऐकून नंतर म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणं वेगळं. दुसरं काम कॉकटील फार सुंदर करतो. शब्दांच्या हट्टात आपण त्याचं हे अंग दुर्लक्षित ठेवतो याची मला नेहमी खंत वाटते. वडिलांची शीळही आता पुन्हा सुरू झाली आहे.

थंडीत एक अडथळा आला. वयात आलेला पिकू सोफ्याखाली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात घुसू लागला, तिथून हात घालणाऱ्याला चावू लागला आणि बैठकीत शीळ सोडून काही करेना. हा घरट्याची जागा धरण्याचा काळ. अंधारे कोपरे बंद केले, उजेडाचे तास आणखी कमी केले, पाठीवरून हात फिरवणं थांबवून फक्त डोकं-मान खाजवायची असं ठरवलं. काही आठवड्यांत तो ताळ्यावर आला. या काळात शिकवण्याचा आग्रह धरला असता तर हाताशी असलेला विश्वासही गेला असता.

पुढचा प्रश्न

वर्ष उलटल्यावर ताईंनी विचारलं की दुसरा कॉकटील आणावा का. आजींना उन्हाळ्यात दोन महिने धाकट्या मुलाकडे जायचं होतं आणि तेवढा काळ दिवसभर घरात ओ द्यायला कोणी नसणार. कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे हा प्रश्न एका उन्हाळ्याचा नव्हता.

मी दोन्ही बाजू मांडल्या. जोडीदार आला की बहुतेक नर माणसांशी बोलणं कमी करतात, कारण हाकेला ओ द्यायला आपल्या जातीचं कोणी मिळतं. आहेत ते शब्द टिकतील, नवे येण्याची शक्यता कमी. मादी आणली तर अंडी, पिल्लं आणि त्यांची जबाबदारी. आणायचाच तर दुसरा नर, डीएनए चाचणी केलेला, स्वतः खायला शिकलेला, आणि आल्यावर महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत, पशुवैद्याची तपासणी होईपर्यंत. पोपटवर्गातला सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार माणसांनाही होतो आणि घरात वयस्कर माणूस आहे.

निर्णय आजींनीच घेतला. त्या म्हणाल्या, “माझ्याशी कमी बोलला तरी चालेल, पण दिवसभर हाका मारत एकटा बसायला नको.” करड्या रंगाचा एक नर त्यांनी फेब्रुवारीत आणला. सध्या दोघांचे पिंजरे शेजारी आहेत. पिकूचं ‘पिकू’ म्हणणं कमी झालं आहे, ‘आले, आले’ अजून रोज आहे, आणि नवा पक्षी दुपारच्या फितीत काय पुटपुटतो ते आम्ही ऐकू लागलो आहोत.